गंगेची ओटी

गंगेत पोहते म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, "नवस कशाचा?"

दुसरा प्रश्न येतच नाही. किती लांब, थंडी वाजते का, दम लागतो का, मगर असते का, हे सगळं बीडच्या स्टँडवरचे लोक विचारतात. गंगाथडीचे लोक विचारत नाहीत. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात. बाईमाणूस उगीच जिवाला कष्ट देत नसतं, दिले तर त्यामागं देव असतो नाहीतर लेकरू असतं, असं त्यांचं साधं गणित. "नवस नाही हो, नदी घाण झालीय म्हणून पोहते," असं मी सांगितलं की बाया एकमेकींकडं बघतात आणि समजूतदारपणे मान हलवतात. कारण नवस सांगायचा नसतो. सांगितला की फळत नाही. म्हणजे मी जितकं नाही म्हणावं तितका माझा नवस पक्का. ह्या गणिताला उत्तर नाही. मी दोन वर्षं डोकं फोडून बघितलं.

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. नेकनूरची फेरी कितीतरी वर्षं केली. दिवसभर "पुढं सरका, दारात उभं राहू नका, सुटे द्या" करून माझा आवाज असा झालाय की नदीच्या मधोमध असले तरी दोन्ही काठांना ऐकू जातो. त्याचा पुढं उपयोग झाला.

पोहायला शिकले ती माहेरी, लिंबागणेशच्या बाजूला, आमच्या शेतातल्या विहिरीत. आबांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि ढकलून दिलं. ढकललं म्हणजे ढकललंच. लोक नावं ठेवायचे, पोरीच्या जातीला कशाला हे? आबा म्हणायचे, "बुडवताना पाणी इचारतंय व्हय, पोरगी हाय का पोरगा?" विहिरीत शिकलेल्या माणसाला एक खोड असते. गोल विहिरीत कडेकडेनं फिरायची सवय लागते, आणि मोकळ्या पाण्यात गेलं तरी अंग आपोआप वळत राहतं. मी डावीकडं ओढते. अजूनही. माझ्यासोबत होडी घेऊन येणारा मासेवाला दादा सारखा ओरडतो, "ओ ताई, सरळ! तुमची गाडी डावीकडं वळायली!"

सासर गंगाथडीला, बंधाऱ्याच्या जरा वर. नवरा शेती बघायचा, मी नोकरीपायी बीडला, सुटीच्या दिवशी गावी. तो रोज गंगा पोहून पलीकडच्या रानात जायचा, डोक्यावर कपडे आणि भाकरी बांधून. एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. गावात आणखीही काही जणांना झाली, ते उठले. हा उठला नाही. गावातल्या उपकेंद्रावर एक नर्स आहे, माझ्याच वयाची. ती तेव्हा रोज घरी येत होती. शेवटी तिनं मला अंगणात नेलं आणि बोटानं दाखवलं. आमच्या घरामागून गावाची नाली जाते. त्यात आमच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी पडतं, शेजाऱ्यांचंही पडतं, आणि ती नाली सरळ गंगेत उतरते. तिथून थोडं खाली गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. "हे पाणी तुम्ही पुन्हा पिता," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मला राग आला. कोणावर काढायचा ते कळेना. नाली कोणा एकाची नव्हती. आमचीच होती.

ग्रामसभेत उभी राहिले, म्हटलं घरोघरी शोषखड्डे करा. घरामागं खड्डा खणायचा, दगडगोटे भरायचे, सांडपाणी जिथल्या तिथं जिरतं, त्यात काही मोठं शास्त्र नाही. एकजण म्हणाला, "आधी तुमच्या घरी करा की वहिनी." बरोबरच होतं त्याचं. घरी धाकट्या दिराला म्हटलं. तो म्हणाला, "करू की. सुगी होऊ द्या." सुगी झाली. मग म्हणाला उन्हाळ्यात बघू. उन्हाळ्यात म्हणाला खाली दगड लागतो. पुन्हा पावसाळा आला. दीर वाईट नाही, बरं का, पण त्याच्या 'करू की'वर विसंबलं तर म्हैस पाण्यात जाते. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, ह्या विषयावर तोंड उघडत नसत. मुलगा गेल्यापासून त्या नालीकडं बघतही नसत. सासरे बाजेवर पडून, त्यांना ऐकू कमी येतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी गंगेत उतरले आणि तो जायचा तशी पलीकडं गेले. मनात दुसरं काही नव्हतं, फक्त जावंसं वाटलं. परत वळून बघितलं तर काठावर अख्खं गाव! नर्स नंतर म्हणाली, "ग्रामसभेला धा माणसं जमत न्हाईत. तुला बघायला सगळे आले. तू पोहत जा आणि बोलत जा."

असं सुरू झालं. वरच्या एका गावापासून आमच्या गावापर्यंत, मधे दोन गावं. संक्रांत झाली की बंधारा भरलेला असतो, गाळ खाली बसलेला असतो, म्हणून तेव्हा. सकाळी उजाडताना उतरायचं, दुपार कलताना बाहेर. काखेत आणि मानेला खोबरेल तेल चोपडायचं. थंडीत ते गोठून मलमच होतं. अंगभर काळे कपडे, डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. होडीत नर्स आणि तो मासेवाला दादा. होडीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. नर्स बांबूच्या टोकाला बाटली बांधून गूळपाणी देते, ज्वारीची पेज देते. प्रत्येक गावाशी थांबायचं, कंबरभर पाण्यात उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं, नाली गंगेत सोडू नका.

गाव जवळ आलं हे मला डोळ्यांनी कळत नाही, जिभेनं कळतं. गाव दिसायच्या आधीच पाणी बुळबुळीत होतं, तोंडात साबणाची आणि दुसऱ्या कशाची चव येते, ती इथं लिहीत नाही. जलपर्णी पायात अडकते. गाव मागं पडलं की हळूहळू पाणी पुन्हा पाण्यासारखं लागतं. आमच्या गावाची चव सगळ्यात वाईट. हे मी आमच्या गावात सांगितलं तर लोकांना राग आला.

पहिल्या साली माणसं नुसती बघत होती. तेव्हाच त्या नवसाचं सुरू झालं.

दुसऱ्या साली काठावर बाया उभ्या होत्या. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, हातात ताटं. मला बरं वाटलं! म्हटलं, गेल्या साली सांगितलेलं डोक्यात शिरलं. जवळ जाते तो काय, ताटात ओट्या. संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाचे दिवस, त्यात मी नवसाची बाई गंगेतून येणार. मग गंगेची ओटी भरायला ह्यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता? मी समोर आले की नारळ, खण, गहू, हळकुंड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून धपाधप पाण्यात. वर वाण. वाण कशाचं? प्लास्टिकच्या चहागाळण्या, साबणाच्या डब्या, चाप. मी हात मारते तर हातात पिशवी. तोंड वर काढते तर समोर नारळ डुलतोय. एक गाळणी माझ्या टोपीवर येऊन बसली.

मी ओरडले, "अहो, पाण्यात टाकू नका! ह्याच्यासाठीच तर पोहते मी!" बायांनी हात जोडले आणि आणखी टाकलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मासेवाल्या दादाच्या जाळ्यात पुढं कितीतरी दिवस मासे कमी आणि खण जास्त निघाले. नर्सनं होडीत बसून जमेल तेवढं उचललं. शेवटी बंधाऱ्याशी आम्ही दोघी दगडावर बसलो, मधे ओल्या पिशव्यांचा ढीग. ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नको. नालीचं पाणी होतं तेवढंच हाय. पण हे जे पडलंय न, हे तू पोहायलीस म्हणून पडलंय."

मला रडू आलं. खरं होतं ते. मी गंगेसाठी उतरले होते आणि माझ्यामुळं गंगेत कचरा वाढला होता. तिथंच मी ठरवलं, अजून एकदा. हे थांबवता आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाही. आपण घरी बसलेलं बरं, निदान एवढ्या पिशव्या तरी वाचतील.

नर्स बौद्ध. तिच्या घरात तिच्या आईच्या वेळेपासून हे असलं काही नाही. ती विचार करत म्हणाली, "ओटी बाईच्या पदरात भरतात न? मग नदीत कावून? तू थांबतेसच. पदर धर, म्हणावं माझ्या ओटीत घाला, गंगेला पोचलं. तुला नवसाची समजायलेच हायत."

मी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बोट केलं. मग तिच्या लक्षात आलं.

आमच्यात विधवेची ओटी भरत नाहीत. हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. कोणी वाईट बोलत नाही, अपमान करत नाही; फक्त ताट येतं आणि तुमच्या शेजारणीपासून पुढच्या शेजारणीकडं जातं, तुमच्यावरून. डेपोत आम्ही बायका संक्रांतीला तीळगूळ वाटतो. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला कुंकवाचा करंडा असाच माझ्यावरून पुढं गेला. ज्या बाईनं पुढं नेला ती माझी मैत्रीण होती आणि तिलाही ते नको होतं, तिनं मान खाली घातली होती. मी तीळगूळ खाल्ला आणि गाडीवर गेले. मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. ज्या हातानं दिवसभर लोकांना तिकिटं देते त्या हाताला कोणी हळद लावेना.

"मग तर धरच पदर," नर्स म्हणाली. "एका दगडात दोन पाखरं."

"पाखरं उडून गेली तर?"

"गेली तर गेली. तसंही घरीच बसणारेस न तू?"

तिसऱ्या साली उजाडताना पाण्यात उतरले. पहिल्या गावाशी बाया ताटं घेऊन हजर. मी कंबरभर पाण्यात उभी राहिले. काळ्या कपड्यांना पदर कुठला असणार? नर्सनं होडीतून आपली ओढणी फेकली, ती मी खांद्यावरून घेतली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. म्हटलं, "पाण्यात टाकू नका. माझ्या ओटीत घाला. गंगेला पोचतं."

ताटं हातातच राहिली. मग एक म्हातारी, तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणाली, "बाई, ओटी सवाष्णीची भरत्यात."

मी म्हटलं, "गंगा सवाष्ण आहे का? तिचा नवरा कोण?"

"समिंदर."

"तो कधी आलाय का इकडं?"

"येत न्हाई," म्हातारी म्हणाली. "पर त्यो मरत बी न्हाई."

ओट्या पाण्यात पडल्या. हळूच पडल्या, मला लागू नयेत म्हणून जरा बाजूला. मी गॉगल लावला आणि निघाले. गॉगलच्या आत पाणी भरलं, समोरचं दिसेना, आणि मी इतकी डावीकडं गेले की दादा होडी आडवी घालून ओरडायला लागला, "ताई! काठाला लागायल्यात तुमी!"

दुसऱ्या गावात एका नव्या सुनेनं सासूची नजर चुकवून आपली पिशवी होडीत ठेवली. बाकीच्या पाण्यात. मी भाषण केलं, पण त्यात जीव नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

आता आमचंच गाव राहिलं. तोंडाला आधी त्याची चव आली, मग देऊळ दिसलं, मग काठावरची गर्दी. आणि सगळ्यांच्या पुढं आत्याबाई. हिरवं लुगडं, हातात ताट. गावातली सगळ्यात वडील सवाष्ण म्हणून पहिला मान त्यांचा. मला वाटलं, थांबूच नये, तशीच पुढं बंधाऱ्यापर्यंत जावं. परक्या बाईनं नाही म्हटलं तर सोसतं. आत्याबाईंनी अख्ख्या गावासमोर नाही म्हटलं तर मी त्या घरात पुन्हा कशी जाऊ?

होडीतून नर्स म्हणाली, "थांब."

थांबले. ओढणी धरली. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. मी, कंडक्टर! शेवटी घोगऱ्या आवाजात कसंबसं म्हटलं, "आत्याबाई, पाण्यात नका टाकू. माझ्या ओटीत घाला."

त्यांनी ताट डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरल्या. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत. लुगडं पाण्यावर फुगलं. मागं कोणी तरी म्हणालं, "म्हातारे, गाळ हाय, पडशील," पण त्या थांबल्या नाहीत. अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या उजव्या हाताला नाली गंगेत पडत होती, तिचा आवाज येत होता.

"त्यो गेला तवा तुजं कुंकू म्या पुसलं," त्या हळू म्हणाल्या.

"रीत होती, आत्याबाई."

"रीतच की."

मग त्यांनी ताट एका हातावर घेतलं, गव्हाची मूठ भरली आणि ओढणीत टाकली. बोटांतून निसटून निम्मे गहू पाण्यात गेले. पाच मुठी घातल्या. नारळ ठेवला, खण ठेवला, सुपारी, हळकुंड. करंड्यात बोट बुडवलं, आधी वाकून पाण्याला टेकवलं आणि मग ते बोट वर आलं आणि माझ्या कपाळापाशी थांबलं.

मी म्हटलं, "राहू द्या."

"गप," त्या म्हणाल्या आणि कुंकू लावलं. कपाळ ओलंच होतं, कुंकू नाकावरून ओघळून ओठांवर आलं. पाण्याला मान लववून त्या म्हणाल्या, "माय, तुजं हिच्यापाशी दिलंय. पोचलं म्हन." आणि मग मागं वळून काठावर अशा ओरडल्या की मी त्यांची लेक असते तर माझा आवाज त्यांच्यावरच गेलाय असं वाटलं असतं. "बगत काय उब्या ऱ्हायल्या गं? या की! पानी मला गार लागत न्हाई व्हय?"

दोघी उतरल्या. मग चौघी. मग किती ते मला दिसेना, कारण मी रडत होते आणि आता लपवायला गॉगलही नव्हता. ओढणी इतकी जड झाली की नर्सनं होडी जवळ आणून खालून हात दिला. काही जणी उतरल्या नाहीत, ताटं घेऊन तशाच घरी गेल्या. पण पाण्यात कोणी टाकलं नाही.

संध्याकाळी घरी चुलीपाशी बसले होते. अंगातली थंडी जात नव्हती. कुंकू अजून होतं, मी पुसलं नव्हतं, आणि कोणी पुस म्हणालंही नाही. आत्याबाईंचं ओलं लुगडं अंगणात वाळत होतं. दीर रानातून आला, पाय धुतले, मोरीतलं पाणी मागच्या नालीत गेलं. आत्याबाई त्या नालीकडं बघत उभ्या होत्या.

"उद्याच्याला मागं खड्डा खांदायचा," त्या म्हणाल्या. "शोषखड्डा."

"आई, दगड लागतोय म्हनलं न तिथं. बगू की पुढच्या..."

"उद्या. नवस हाय."

दिरानं माझ्याकडं बघितलं. "वहिनीचा?"

"माजा," आत्याबाई म्हणाल्या.

नवस कशाचा, हे दिरानं विचारलं नाही. जेवण झाल्यावर त्यानं कोपऱ्यातली पहार आणि कुदळ काढून दाराशी आणून ठेवली.